जवळच पडणारे बी : तेरड्याच्या कुलातील जातिनिर्मिती आणि विस्तार

तेरड्याच्या कुलात, म्हणजे वनस्पतिशास्त्रात बाल्समिनेसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यात, आज दोनच प्रजाती आहेत. त्यांपैकी इम्पेशन्स या प्रजातीत हजाराहून अधिक जाती असून तीत अजूनही नव्या जातींची भर पडत आहे. हायड्रोसेरा या दुसऱ्या प्रजातीत मात्र एकच जाती आहे आणि ती दक्षिण भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतच्या तळ्यांत, दलदलीत आणि चरांतल्या साचलेल्या पाण्यात वाढते. या दोन्ही शाखा एकाच पूर्वजापासून फुटल्या असल्यामुळे दोघींनाही उत्क्रांतीसाठी सारखाच काळ मिळालेला आहे, आणि तरीही एकीचा वंश हजारावर गेला, तर दुसरीचा एकावरच राहिला. वनस्पतीच्या अंगचे कोणते गुण तिच्या वंशातून नव्या जाती घडवतात, कोणते गुण तिला दूरच्या प्रदेशांत पोचवतात आणि ही दोन्ही कामे एकच गुण करतो काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. आणि तो मांडण्यासाठी, महाराष्ट्रात भाद्रपदात अनेक घरी गौरी म्हणून जिची पूजा होते, त्या वनस्पतीच्या कुलाइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

जाती म्हणजे आपापसांत प्रजनन करू शकणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननाच्या दृष्टीने बऱ्याच अंशी वेगळ्या पडलेल्या जीवांचा समूह, असे येथे धरले आहे. एका समूहाचे दोन भाग झाले, त्यांच्यातील जनुकांची देवाणघेवाण दीर्घकाळ थांबली आणि पुढे ते एकत्र आले तरी त्यांचा संकर होईनासा झाला, की जातिनिर्मिती झाली असे म्हणता येते. विस्तारक्षेत्र म्हणजे जाती निसर्गतः जिथे जिथे आढळते तो सगळा प्रदेश. या दोन गोष्टी एकाच यशाची दोन रूपे आहेत अशी समजूत सर्रास आढळते, पण ती टिकणारी नाही. जनुकांची देवाणघेवाण थांबल्याशिवाय जाती फुटत नाही, आणि बी दूरवर जात राहिले तर ती देवाणघेवाण सहसा थांबत नाही. त्यामुळे वनस्पतीला लांब नेणारा गुण तिचे तुकडे होऊ देत नाही, आणि तिला जागीच ठेवणारा गुण तिच्या अनेक जाती करू शकतो. तेरड्याच्या कुलात हा विरोध स्पष्टपणे पाहता येतो.

त्याची सुरुवात फळापासून करणे योग्य ठरेल. तेरड्याचे बोंड पाच शकलांचे असते. ते पिकत जाते तसतशा शकलांच्या भिंतीतील पेशी पाण्याने तट्ट भरतात आणि आतल्या व बाहेरच्या थरांमध्ये ताण साठत जातो, पण शकलांचे सांधे अजून जुळलेले असल्यामुळे तो ताण बाहेर पडू शकत नाही. पुढे सांधे कमकुवत होतात, आणि मग पावसाचा थेंब, किड्याचा पाय किंवा मुलाचे बोट लागण्याचे निमित्त पुरते. अवघ्या काही मिलिसेकंदांत पाचही शकले सुटून आतल्या बाजूला गुंडाळली जातात आणि त्या झटक्याने बिया उडतात. या उडण्याचे कौतुक सर्वांनाच असते, परंतु त्याचे अंतर क्वचितच कोणी लक्षात घेतो. बहुतेक जातींत ते एक-दोन मीटर आणि फार तर काही मीटर असते. बियांना पंख नसतात, केसांचा झुबका नसतो आणि पक्ष्याला खावासा वाटेल असा गरही नसतो. झाडाने आपली सारी शक्ती खर्चून बी फेकावे आणि ते आईच्या सावलीपासून चार पावलांवर पडावे, अशी ही रचना आहे.

हायड्रोसेराने या बाबतीत नेमका उलटा मार्ग धरला. तिचे फळ फुटत नाही. ते गरदार असते, अखंडच गळून पडते आणि पाण्यावाटे दुसरीकडे जाते. पाण्याकाठची वनस्पती पाण्यावाटेच पसरल्यामुळे एका तळ्यातील झाडे दुसऱ्या तळ्यातील झाडांपासून फार काळ तुटून राहत नाहीत, आणि म्हणूनच विस्तारक्षेत्र हजारो किलोमीटरचे असूनही जाती एकच राहिली असावी, असे मानायला जागा आहे. पण येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन बहिणींची तुलना कितीही उद्बोधक असली तरी ती एकच तुलना असते, आणि हायड्रोसेरा व इम्पेशन्स यांच्यात फळाखेरीज इतरही फरक आहेत. एखाद्या गुणामुळे जाती वाढल्या असे म्हणायचे, तर तो गुण एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक वंशांत स्वतंत्रपणे आला पाहिजे आणि त्या त्या वेळी जाती वाढलेल्या दिसल्या पाहिजेत.

बी जवळच पडण्याच्या बाबतीत अशी कसोटी मुंग्यांमुळे शक्य झाली. अनेक वनस्पतींच्या बियांना तेलकट गराचा एक छोटा कण चिकटलेला असतो. मुंग्या त्या कणासाठी बी वारुळात नेतात, कण खातात आणि बी टाकून देतात. हा प्रवासही साधारणतः काही मीटरचाच असतो. सपुष्प वनस्पतींच्या ७७ कुलांत आणि ११,००० हून अधिक जातींत ही पद्धत आढळते आणि ती किमान १०१ वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाली असावी, असा अंदाज आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा वंशांची तुलना त्यांच्या मुंग्यांवर न विसंबणाऱ्या सर्वांत जवळच्या वंशांशी केली गेली, तेव्हा मुंग्यांकडून बी पसरवणाऱ्या वंशांत सरासरीने दुपटीहून अधिक जाती असल्याचे आढळले. जवळ पडणारे बी जाती वाढवते या विधानाला यामुळे एका कुलापलीकडचा आधार मिळतो.

फळानंतर फूल. तेरड्याचे फूल उमलताना देठावर अर्धे वळून उलटे होते, त्यामुळे मुळात वरच्या बाजूचे निदल, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे हिरवट किंवा रंगीत दल, खाली येते. याच निदलाची मागची बाजू लांबून शुंडिका तयार होते. शुंडिका म्हणजे सोंडेसारखी पोकळ नळी, जिच्या टोकाशी मकरंद साठतो. पाच पाकळ्यांपैकी बाजूच्या चार पाकळ्या दोन-दोन करून जुळलेल्या असतात आणि त्यांचा पुढचा भाग कीटकाला उतरायला जागा देतो. पाच केसरदले एकत्र जुळून किंजपुटावर टोपी चढवावी तशी बसलेली असतात; फूल प्रथम परागकण देते, मग ती टोपी गळून पडते आणि त्यानंतरच किंजल्क, म्हणजे परागकण स्वीकारणारे स्त्रीकेसराचे टोक, उघडे होते. मकरंदाकडे झुकलेल्या किड्याच्या अंगाचा एक ठरावीक भाग या टोपीला घासला जातो, आणि पुढच्या फुलात तोच भाग किंजल्काला लागतो. म्हणजे शुंडिका किती लांब, किती बाकदार आणि दाराशी किती रुंद, यावर कोणता पाहुणा आत येणार आणि परागकण त्याच्या अंगावर कुठे चिकटणार हे ठरते. आखूड आणि रुंद तोंडाच्या फुलांकडे मधमाश्या जातात, लांब आणि बारीक नळीच्या फुलांकडे फुलपाखरे आणि पतंग, तर आफ्रिकेतील काही लालभडक जातींचे परागीभवन शिंजीर पक्षी करतात. पाहुणा बदलला की देवाणघेवाणीची वाट बदलते, आणि दोन समूह एकाच डोंगरावर असूनही एकमेकांना पारखे होऊ शकतात.

शुंडिकेच्या या सामर्थ्याचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास तेरड्यावरचा नसून कोलंबाइन, म्हणजे अॅक्विलेजिया, या उत्तर गोलार्धातील प्रजातीवरचा आहे. तिच्या पाचही पाकळ्यांना शुंडिका असतात आणि उत्तर अमेरिकेतील जातींत त्यांची लांबी ७.५ मिलिमीटरपासून १२३ मिलिमीटरपर्यंत बदलते. जस्टेन व्हिटॉल आणि स्कॉट हॉजेस यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की या जातींच्या वंशवृक्षावर शुंडिकेची लांबी सावकाश, एकसारखी वाढत गेलेली नाही. मधमाश्यांकडून गुंजन पक्ष्यांकडे आणि गुंजन पक्ष्यांकडून लांब सोंडेच्या पतंगांकडे परागीभवन गेले त्या त्या टप्प्यावर ती एकदम वाढली. पुढे २०१२ मध्ये असेही स्पष्ट झाले की लांब आणि आखूड शुंडिकांतील फरक प्रामुख्याने पेशींच्या संख्येचा नसून पेशी एका दिशेने किती ताणल्या जातात याचा आहे. उत्क्रांतीच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण संपूर्ण अवयव नव्याने न घडवता वाढीच्या शेवटच्या टप्प्यात थोडा फेर करूनही फुलाला नवा पाहुणा मिळवता येतो.

मात्र शुंडिका म्हणजे जातिनिर्मितीची हमी नव्हे, हे हायड्रोसेरा सांगते, कारण शुंडिका तिलाही आहे. तिच्या पाकळ्या सुट्या आहेत आणि तिचे बी पाण्याने वाहून जाते. तेव्हा इम्पेशन्सच्या हजार जातींचे श्रेय कोणत्याही एका गुणाला देण्यापेक्षा, फुलाचा आकार सहज बदलू देणारी शुंडिका आणि जुळलेल्या पाकळ्या, आणि झालेला बदल त्या त्या डोंगरावर टिकू देणारे जवळचे बी, या दोहोंच्या जोडीला देणे अधिक सयुक्तिक ठरते. जर बी दूर गेले असते, तर शेजारच्या खोऱ्यातील जनुकांनी नवा आकार पुन्हा पुसून टाकला असता. आणि जर फूल बदलू शकले नसते, तर वेगळे पडलेले समूह पुष्कळ काळ एकसारखेच राहिले असते.

या फुलांच्या विविधतेने वनस्पतिशास्त्रज्ञांची दमछाक केली, हेही नोंदवण्याजोगे आहे. भारतीय वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध करणारे जोसेफ डाल्टन हूकर यांनी आयुष्याची अखेरची वर्षे बहुतांशी याच प्रजातीला दिली आणि १९११ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले तोपर्यंत ते काम चालूच होते. अडचण साधी पण मोठी होती: तेरड्याचे फूल पाणीदार आणि नाजूक असल्यामुळे कागदात दाबून वाळवले की त्याचे भाग एकमेकांना चिकटतात, आणि ज्या अवयवांवर जातीची ओळख अवलंबून असते तेच वाचता येत नाहीत. वाळलेले फूल पाण्यात भिजवून, सुईने एकेक दल सोडवून, त्याचे चित्र काढत बसणाऱ्या नव्वदीपलीकडच्या त्या माणसाच्या चिकाटीमुळे पुढच्या अभ्यासकांना पाया मिळाला.

आता काळाचा विचार. डीएनएच्या साहाय्याने वंशवृक्ष मांडण्याचे जे काम झाले, त्यातून इम्पेशन्सचे मूळ नैर्ऋत्य चीनच्या डोंगराळ भागात असल्याचे दिसते. तिथून तिचे वंशज हिमालय, आग्नेय आशिया, दक्षिण भारत, आफ्रिका आणि मादागास्करपर्यंत गेले. बेल्जियममधील स्टीव्हन यान्सेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेल्या कालमापनानुसार प्रजातीचा आरंभ मायोसीन कालखंडाच्या सुरुवातीचा, म्हणजे दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा ठरतो. पण आजच्या बहुतेक जाती मात्र गेल्या सुमारे ५० लाख वर्षांत, प्लायोसीन आणि प्लायस्टोसीन कालखंडांत, निर्माण झाल्या आहेत. फुटणारे बोंड आणि शुंडिका त्याआधीही होतीच. मग एवढा काळ हे गुण स्वस्थ का बसले होते? त्या ५० लाख वर्षांत हवामान थंड होत गेले आणि पुढे हिमयुगांच्या चढउताराने ओलसर जंगले कधी आक्रसली, कधी पसरली. तेरड्याच्या बहुसंख्य जातींना सावली आणि ओल लागते. त्यांची पाने उन्हात पाहता पाहता मान टाकतात. जंगल आक्रसले की त्यांच्या वस्त्या डोंगरमाथ्यांवर एकेकट्या पडत, आणि बी दरी ओलांडू न शकल्याने त्या एकेकट्याच राहत. गुण तयार होता, त्याला कामाला लावणारी भूमी आणि हवा नंतर आली, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

बीची धाव एवढी आखूड असलेली प्रजाती आफ्रिकेपर्यंत पोचली कशी, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. एखाद्या वर्षायू, म्हणजे एका वर्षात जीवनक्रम संपवणाऱ्या, जातीचे बी दरवर्षी ३ मीटर पुढे सरकले, तर हजार वर्षांत ३ किलोमीटर आणि दहा लाख वर्षांत ३,००० किलोमीटर होतात. अर्थात हा केवळ हिशेब आहे. ओलसर भूमी अखंड असेल तरच तो खरा ठरेल, आणि अधूनमधून पुराने, चिखलाने किंवा निव्वळ योगायोगाने बी एकदम लांब गेले असेल हेही शक्य आहे. परंतु भूशास्त्रीय काळाच्या मापाने आखूड पाऊलसुद्धा खंड ओलांडू शकते, आणि त्या वाटेवर मागे पडलेल्या प्रत्येक वस्तीतून नवी जाती निघू शकते, हे या हिशेबातून ध्यानात येते. दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे मात्र इम्पेशन्सची एकही मूळची जाती नाही. मोठा समुद्र तिला पार करता आला नाही.

नव्या प्रदेशात शिरण्यासाठी लागणारा गुण तिथे जाण्यापूर्वीच असतो की गेल्यावर घडतो, या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र सारखे नाही. सपुष्प वनस्पती गोठवणाऱ्या थंडीच्या प्रदेशांत कशा पोचल्या याचा एमी झॅनी आणि अनेक सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हजारो जातींच्या आधारे शोध घेतला. गोठणाऱ्या पाण्यामुळे खोडातील वाहिन्यांत हवेचे बुडबुडे होऊन पाण्याचा प्रवाह तुटतो. अरुंद वाहिन्यांत हा धोका कमी असतो. झॅनी आणि सहकाऱ्यांना असे आढळले की अरुंद वाहिन्या आणि जमिनीवरचा भाग मरू देणारी तृणवृत्ती हे गुण बहुतेक वंशांत थंडीची गाठ पडण्याआधीच आलेले होते, तर पानझड ही बऱ्याचदा थंडीत शिरल्यानंतर आली.

सह्याद्रीत अशीच अडचण थंडीची नसून कोरड्या हंगामाची आहे. केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांत पाऊस वर्षातले अनेक महिने हजेरी लावतो आणि तिथे तेरड्याच्या बहुवर्षायू, झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या आणि खडकाला धरून राहणाऱ्या जातींची रेलचेल आहे. पश्चिम घाटात इम्पेशन्सच्या शंभराहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र न आढळणाऱ्या, आहेत. उत्तरेकडे महाराष्ट्रात यावे तसा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि पुढचे आठ महिने कोरडे जातात. इथे टिकायचे तर कोरडा काळ बीच्या किंवा कंदाच्या रूपात काढावा लागतो, आणि म्हणून इथल्या जाती संख्येने थोड्या व मुख्यतः वर्षायू आहेत. इम्पेशन्स अकॉलिस ही जाती ओल्या कातळाला धरलेल्या लहानशा कंदातून पावसाळ्यात पाने आणि गुलाबी फुले काढते. पिवळ्या फुलांची इम्पेशन्स डाल्झेली आणि सातारा जिल्ह्यातील कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गुलाबी गालिचा अंथरणारी इम्पेशन्स लॉई या दोन्ही वर्षायू आहेत आणि दोन्ही उत्तर सह्याद्रीबाहेर आढळत नाहीत. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण फुलाच्या अल्पायुष्याकडे बोट दाखवते. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावरच्या, या जातींना मात्र त्या अल्पायुष्यानेच तारले आहे.

विस्ताराशी जोडलेला आणखी एक गुण म्हणजे स्वपरागण, अर्थात स्वतःच्याच परागांनी बी धरणे. हर्बर्ट बेकर यांनी १९५५ मध्ये असे मांडले की दूरच्या बेटावर एकटेच बी पडले, तर जोडीदार नसतानाही बी धरू शकणारी वनस्पतीच तिथे वस्ती करू शकेल. उत्तर अमेरिकेतील इम्पेशन्स कॅपेन्सिस ही जाती उघड्या फुलांबरोबर कधीच न उमलणारी लहान फुलेही धरते आणि त्यांत कीटकाविना बी तयार होते. अशा वनस्पतींना तात्पुरता लाभ मोठा असतो, पण लांबच्या मुदतीत चित्र बदलते. वांगी, मिरची, टोमॅटो आणि धोतरा यांच्या कुलाचा २०१० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की स्वतःचे परागकण स्वीकारणाऱ्या वंशांतून जाती वेगाने फुटतात खऱ्या, पण त्या त्याहूनही वेगाने नामशेष होतात. स्वतःचे परागकण नाकारणारे वंश सावकाश फुटतात आणि टिकून राहतात. विस्ताराला उपकारक असलेला गुण दीर्घकाळात घातक ठरू शकतो, म्हणून कोणत्याही गुणाविषयी बोलताना ते किती काळाच्या हिशेबाने बोलले जात आहे हे सांगणे अपरिहार्य आहे.

याच प्रजातीतील हिमालयीन तेरड्याची कथा या संदर्भात फार अस्वस्थ करणारी आहे. इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा ही पश्चिम हिमालयातील उंच, गुलाबी फुलांची वर्षायू जाती १८३९ मध्ये बागेची शोभा म्हणून इंग्लंडमध्ये नेली गेली आणि आज ती युरोपातील नदीकाठांवर माणसाहून उंच वाढून दाट रान माजवते. तिचेही बोंड काही मीटरच बी उडवते. पण नदीच्या पुराने आणि माणसाच्या बुटांना व यंत्रांना लागलेल्या चिखलाने त्या बीला ती वाट दिली, जी हिमालयाच्या दऱ्यांनी दिली नव्हती. तिचा मकरंद इतका विपुल आहे की भुंगे शेजारची मूळची फुले सोडून तिच्याकडे जातात. लार्स चित्का आणि सुझान शुर्केन्स यांनी २००१ मध्ये दाखवले की त्यामुळे तिथल्या स्थानिक वनस्पतीला बी कमी धरते. २०१७ मध्ये युरोपीय संघाने तिला आक्रमक वनस्पतींच्या यादीत घातले. ब्रिटनने २०१४ पासून तिच्याच मायभूमीतून आणलेली तांबेरा बुरशी तिच्यावर सोडायला सुरुवात केली. गुण बदलला नाही, बोंड तेच राहिले; बदलली ती फक्त भूमी आणि तिच्यावरून बी नेणारी साधने, आणि तेवढ्याने डोंगरात बांधलेली जाती खंडभर पसरली.

सड्यावरच्या तेरड्यांना असे कोणी नेणारे नाही, आणि नेणे हितावहही नाही. जांभ्याचे हे सपाट माथे एकमेकांपासून दऱ्याखोऱ्यांनी तुटलेले आहेत, त्यांच्यावर मातीचा थर बोटभरही नसतो आणि हवामान तापत गेले तर वर सरकायला त्यांच्याहून उंच जागाच उरत नाही. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली तेव्हा त्यात कास पठाराचा समावेश झाला. परंतु कोकणातील असंख्य सडे झाडे नाहीत म्हणून आजही पडीक समजले जातात आणि जांभ्याचे चिरे काढण्यासाठी किंवा बांधकामासाठी खणले जातात. तिथे एका पावसाळ्यात उडालेले बी पुढच्या पावसाळ्यात त्याच खडकाच्या पलीकडच्या खळग्यात उगवते, एवढीच त्याची धाव आहे. एक सडा खणला गेला तर शेजारच्या सड्यावरून तिथे बी परत यायला लागणारा काळ भूशास्त्राच्या मापाचा असतो, आणि तोवर त्या सड्यावर जे वेगळेपण साठत आले होते ते गेलेले असते; म्हणून सड्यांची पाहणी जिल्ह्याच्या सरासरीने करून भागणार नाही, ती प्रत्येक सड्यावर जाऊन, फुलांच्या हंगामात आणि ओल्या फुलांवरच व्हायला हवी.